मिनेसोटाच्या तळ्यांवर क्रॅपी आणि सनफिश कुठे शोधायचे

मिनेसोटात नव्याने आलेल्या आणि गळ टाकायची हौस असलेल्या मराठी माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चांगली जागा कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. या राज्यात दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत, सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. पण मी एखाद्या जागेचं नाव सांगितलं तरी ते फार दिवस पुरणार नाही. एप्रिलअखेर जिथे एकामागून एक क्रॅपी लागतात, तिथेच जुलैच्या दुपारी बसलात तर बॉबर, म्हणजे दोरीला लावलेला तरंगता गोळा, हलायचा नाही. तळं तेच, मासेही तेच, पण पाण्याचं तापमान, पाण्यातली झाडी आणि खोलवरचा प्राणवायू बदललेला असतो आणि मासे त्यांच्यामागे गेलेले असतात. म्हणून जागेबरोबर महिनाही विचारायला हवा. हा हिशेब एकदा जमला की अनोळखी तळ्यावरही पहिल्या तासाभरात मासे सापडायला लागतात.

उदाहरणं मिनीॲपोलिस-सेंट पॉल या जोडशहरांच्या, म्हणजे ट्विन सिटीजच्या, आसपासची दिली आहेत, कारण ती तळी मला माहीत आहेत. विस्कॉन्सिन किंवा मिशिगनमध्ये राहणाऱ्यांनाही माशांच्या सवयींबद्दलचा भाग तसाच उपयोगी पडेल. नियम मात्र आपापल्या राज्याचे पाहावेत.

आधी मासे ओळखा

पॅनफिश म्हणजे तव्यावर अख्खे मावतील असे गोड्या पाण्यातले चपटे, लहान मासे. आपल्या कामाचे मुख्यतः तीन: क्रॅपी, ब्लूगिल आणि पंपकिनसीड. शेवटच्या दोघांना इथे सरसकट सनफिश किंवा लाडाने 'सनी' म्हणतात. ब्लूगिलच्या कल्ल्याच्या झाकणाचं टोक काळंभोर असतं आणि पाठीवरच्या पराच्या मागच्या बुडाशी एक गडद डाग असतो. पंपकिनसीडच्या त्याच काळ्या टोकाला नारिंगी-लाल ठिपका असतो, शिवाय गालांवर निळसर रेघा असतात. क्रॅपी रुपेरी असतो आणि त्याच्या अंगभर काळे शिंतोडे असतात. इथल्या तळ्यांत बहुतेक ब्लॅक क्रॅपीच मिळतो.

तिघांच्या तोंडांकडे नीट पाहा, जागा शोधताना त्याचा उपयोग होतो. सनफिशचं तोंड अगदी लहान. तो किडे, अळ्या, छोट्या गोगलगाई टिपून खातो आणि हे सगळं पाणवनस्पतींच्या आसपास मिळतं, म्हणून तो झाडी धरून राहतो. क्रॅपीचं तोंड मोठं उघडतं आणि तो बारीक माशांच्या मागे थव्याने फिरतो, त्यामुळे उन्हाळ्यात आणि थंडीत तो मोकळ्या पाण्यात मधल्याच खोलीवर तरंगत असतो. तो खालून वर बघत शिकार करतो. आमिष त्याच्या डोक्याच्या फूटभर वर असलं तर तो वर येऊन घेतो, खाली गेलं तर ढुंकूनही पाहत नाही. त्याच्या ओठामागची कातडी फार पातळ असते. जोराचा हिसका दिलात तर ती फाटते आणि मासा जातो, म्हणून गळ हलक्या हाताने उचलावा.

लायसन्सचं थोडक्यात

सोळा वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला लायसन्स लागतं. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या, म्हणजे डीएनआरच्या, वेबसाइटवर किंवा आमिषाच्या दुकानात ते मिळतं. सलग ६० दिवस राज्यात राहिलात की रहिवाशांच्या दरात मिळतं. लायसन्सचं वर्ष १ मार्चला सुरू होतं आणि फेब्रुवारीअखेर संपतं, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी वार्षिक लायसन्स घेण्यात फायदा नाही. आधी हौस आहे की नाही तेच बघायचं असेल तर जूनमधल्या 'टेक अ किड फिशिंग' वीकेंडला मुलांना घेऊन जा. पंधरा वर्षांपर्यंतचं मूल बरोबर असेल तर त्या वीकेंडला रहिवासी मोठ्यांना लायसन्स लागत नाही. मदर्स डेच्या वीकेंडला अशीच सवलत आयांना असते.

क्रॅपी आणि सनफिश वर्षभर पकडता येतात, पण वॉलाय आणि नॉर्दर्न पाइक या मोठ्या शिकारी माशांचा हंगाम मे महिन्यात उघडतो. त्याआधी ते चुकून गळाला लागले तर लगेच पाण्यात सोडायचे. तळ्यावर बर्फ नसताना माणशी एकच गळ, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर दोन.

तळं घरी बसून निवडा

नवखी मंडळी हीच पायरी गाळतात. घराजवळ पाणी दिसलं की तिथे बसतात आणि मासा लागला नाही की नशिबाला बोल लावतात. डीएनआरच्या वेबसाइटवर 'लेकफाइंडर' नावाचं पान आहे, फुकट. तळ्याचं नाव आणि काउंटी घाला. काउंटी जरूर घाला, कारण लाँग लेक आणि मड लेक या नावांची तळी राज्यात ढिगाने आहेत. हेनेपिन, रॅमसी, डकोटा, वॉशिंग्टन, अनोका, कार्व्हर, स्कॉट अशा जवळच्या काउंट्यांतली पाच-सहा तळी एका संध्याकाळी वाचून होतात.

सर्वेक्षणाच्या पानावर दोन तक्ते पाहायचे. पहिल्यात जाळ्यागणिक कोणते मासे किती मिळाले ते असतं. पॅनफिशसाठी 'ट्रॅप नेट'चा आकडा बघा, कारण ती जाळी काठाजवळच्या उथळ पाण्यात लावतात. 'गिल नेट'चा आकडा खोल पाण्यातला असतो. दुसरा तक्ता लांबीचा: किती इंचांचे किती मासे. हा जास्त महत्त्वाचा. जाळ्यात ब्लूगिल भरपूर, पण जवळजवळ सगळे सहा इंचांच्या आतले, असं दिसलं तर तिथे लहान मुलांना घेऊन जा. त्यांचा वेळ मजेत जाईल, पण ताटात काही पडणार नाही. आकडा मध्यम आणि त्यात सात-आठ इंचांचे बऱ्यापैकी, असं तळं दिसलं तर त्याचं नाव लिहून ठेवा.

सर्वेक्षणाची तारीखही बघा. क्रॅपीचं पीक दरवर्षी सारखं येत नाही. एखाद्या वर्षी पिल्लं भरपूर जगतात, मग तीच पिढी तीन-चार वर्षं सगळ्या तळ्याला पुरते आणि मधली वर्षं कोरडी जातात. म्हणून सहा-सात वर्षांपूर्वीच्या तक्त्यात दिसलेले क्रॅपी आज असतीलच असं नाही. ब्लूगिलच्या बाबतीत जुना तक्ताही बऱ्यापैकी चालतो.

आणखी दोन नोंदी. एक, सर्वांत खोल ठिकाणाची खोली. तळं पंधरा फुटांहून उथळ असेल तर कडक हिवाळ्यात बर्फ आणि त्यावरच्या हिमाखाली प्राणवायू संपून मासे मरू शकतात. अशा तळ्यात हवा सोडायची यंत्रणा नसेल तर त्यावर भिस्त ठेवू नका. दोन, पाण्याचा पारदर्शकपणा. फूटभर खालचं दिसत नाही अशा गढूळ तळ्यात मासे दिवसभर उथळ पाण्यात राहतात आणि काठावरून सापडतात. पंधरा फुटांपर्यंत दिसतं अशा स्वच्छ तळ्यात ते खोल जातात आणि उजेड कमी झाला की वर येतात. बोट नसलेल्या नवख्याने थोडं गढूळ, मध्यम आकाराचं तळं निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलं अगदी लहान असतील तर डीएनआरच्या 'फिशिंग इन द नेबरहूड' या उपक्रमातली शहरी तळी बघा. तिथे सनफिश आणि क्रॅपी मुद्दाम आणून सोडतात, बऱ्याच ठिकाणी मासेमारीसाठी धक्के बांधलेले आहेत आणि पार्किंगपासून दोन मिनिटांत पाण्याशी पोचता येतं.

नकाशावर चार गोष्टी शोधा

लेकफाइंडरवरच बहुतेक तळ्यांचे खोलीचे नकाशे आहेत. रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की तिथे उतार कडक आहे, लांब लांब असतील तर तळ सपाट आहे. पहिल्यांदा पाहताना गोंधळायला होतं, म्हणून चारच गोष्टींवर बोट ठेवा: उत्तरेकडची उथळ खाडी, दोन तळ्यांना किंवा दोन खाड्यांना जोडणारा कालवा, काठापासून पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक आणि काठाजवळच असलेला खोल खड्डा. मग हवाई छायाचित्र उघडा आणि लव्हाळ्याचे पट्टे, कमळाची पानं, बोटींचे धक्के कुठे आहेत ते त्याच जागांशी ताडून बघा. या चारपैकी दोन गोष्टी जिथे शेजारी शेजारी येतात आणि तिथे सार्वजनिक जमिनीवरून पोचता येतं, तिथून सुरुवात करा.

प्लिमथचं मेडिसिन लेक घ्या. मेपल ग्रोव्हच्या हिंदू मंदिरात जाणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या ते वाटेवर आहे. त्याच्या उत्तर टोकाला फ्रेंच रीजनल पार्क आहे, म्हणजे वसंतात आधी तापणारी बाजू सार्वजनिक आहे. मिनीॲपोलिसमध्ये सीडर लेक, लेक ऑफ द आइल्स आणि ब्दे माका स्का ही तिन्ही तळी कालव्यांनी जोडलेली आहेत आणि त्यांच्या काठाने पायवाट आहे. मिनेटोंका चौदा हजार एकरांहून मोठं आहे म्हणून घाबरून जाऊ नका. ते म्हणजे एकमेकांना जोडलेल्या खाड्याच, एका वेळी एकच खाडी हे एक तळं समजून वाचा.

कोणत्या महिन्यात कुठे

*बर्फ वितळल्यानंतर.* ट्विन सिटीजमध्ये हे साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत होतं. नवख्यांसाठी वर्षातला हा सर्वांत चांगला काळ, कारण मासे काठाशी येतात आणि बोटीवाल्यांपेक्षा काठावरचा माणूस नफ्यात असतो. या दिवसांत कुठलं पाणी आधी तापतं एवढंच शोधायचं. उत्तर काठावर दक्षिणेकडून येणारं ऊन दिवसभर पडतं आणि उत्तरेचा गार वारा तिथे अडतो. तळ काळ्या चिखलाचा असेल तर तो वाळूपेक्षा लवकर तापतो. त्यात किडे, अळ्या जाग्या होतात, त्यांच्यामागे बारीक मासे आणि त्यांच्यामागे क्रॅपी येतात. कालवे आणि बोटींसाठी खणलेल्या अरुंद खाचा याच कारणाने माशांनी भरतात. दोन-तीन दिवस सलग दक्षिणेचा वारा आणि ऊन असलं की तिसऱ्या दिवशी दुपारी जा, सकाळी नको. या काळात दुपारचे तीन ते संध्याकाळ हीच वेळ. साधा थर्मामीटर दोरीला बांधून बरोबर ठेवा. खाडीतलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा दोन-तीन अंशांनीही गरम असलं तर तिथेच थांबायचं. थंडीची लाट आली की हे मासे खाडीच्या तोंडाशी, पहिल्या उतारावर मागे सरकतात. तळं सोडून जात नाहीत, तेव्हा पन्नास-साठ पावलं चालून तिथे बघा.

*विणीचे दिवस.* पाणी ६० ते ६५ फॅरनहाइटला, म्हणजे सोळा-अठरा सेल्सिअसला आलं की क्रॅपी अंडी घालायला येतात. इथे ते मे महिन्यात होतं. लव्हाळ्याच्या जुन्या, वाळक्या दांड्या, पडलेली झाडं, धक्क्यांचे खांब यांच्या आसपास दोन ते सहा फूट पाण्यात ते असतात. ब्लूगिल त्यानंतर, पाणी ७० फॅरनहाइटच्या आसपास आल्यावर, मेअखेर आणि जूनमध्ये. पोलराइज्ड चष्मा घालून, पाठीवर ऊन घेऊन वाळूच्या किंवा बारीक खडीच्या उथळ काठाकडे बघा. तळाशी ताटल्या मांडून ठेवल्यासारखे फिकट गोल खड्डे दिसतील, वीस-तीस एकाच जागी. प्रत्येक खड्ड्यावर एक नर पहारा देत फिरत असतो आणि जवळ आलेल्या कशावरही झडप घालतो.

इथे मला मनापासून एक विनंती करायची आहे. या खड्ड्यांवरचे मोठे नर घरी नेऊ नका. नर उचलला की बाकीचे मासे त्याच्या खड्ड्यातली अंडी खाऊन टाकतात, आणि नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. मोठे नर असतात तोवर लहान नरांना विणीची चांगली जागा मिळत नाही, म्हणून ते आधी वाढतात आणि मग वयात येतात. मोठे नाहीसे झाले की लहान नर पाच-सहा इंचांवरच वयात येतात आणि त्यांची वाढ खुंटते. काही वर्षांत सगळं तळं तळहाताएवढ्या माशांनी भरतं, आणि ते पुन्हा सुधारायला फार काळ लागतो. राज्याचा ब्लूगिलचा विक्रम १९४८ सालचा आहे: हबर्ड काउंटीतल्या ॲलिस लेकमधला, २ पौंड १३ औंसांचा. आज आठ इंचांचा ब्लूगिल मिळाला तरी लोक फोटो काढतात. म्हणूनच डीएनआरने बऱ्याच तळ्यांवर सनफिशची रोजची मर्यादा पाच किंवा दहावर आणली आहे. विणीच्या दिवसांत घरी न्यायचेच असतील तर साडेसहा-सात इंचांचे चार-पाच घ्या आणि आठच्या वरचे पाण्यात सोडा.

*उन्हाळा.* जूनअखेर लोक म्हणायला लागतात, "मासे गेले." ते झाडीच्या बाहेरच्या, खोल कडेला गेलेले असतात. काठापासून झाडी जिथे संपते तिथे खोली आठ ते पंधरा फूट असते. ब्लूगिल त्या कडेला धरून आणि क्रॅपी कडेच्या बाहेर मोकळ्या पाण्यात. खूप खोलही जाऊ नका. उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात, वरचं गरम आणि खालचं थंड. सुपीक तळ्यांत खालच्या थरातला प्राणवायू संपलेला असतो, तिथे मासा राहू शकत नाही.

ट्विन सिटीजमध्ये आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. इथल्या बऱ्याच तळ्यांत 'कर्लीलीफ पाँडवीड' ही बाहेरून आलेली वनस्पती आहे, पानांच्या कडा कुरळ्या. ती बर्फाखालीच वाढायला लागते, मे-जूनमध्ये दाट होते आणि जुलैच्या सुरुवातीला मरून जाते. जूनमध्ये तिच्या कडेला मासे मिळत होते आणि जुलैत ती जागा अचानक ओस पडली, तर कारण हे. मग पाण्यात अजून हिरवी असलेली झाडी शोधायची. मेलेल्या झाडीवर वेळ घालवू नका.

बोट नसेल तर उन्हाळ्यात सार्वजनिक धक्के आणि पाण्यात घुसलेली टोकं हाच आधार. दिवस मावळताना जा. कोकणात वाढलेल्यांना भरती-ओहोटी बघून गळ टाकायची सवय असते. इथे भरती नाही, घड्याळ उजेडाचं. सूर्य टेकल्यापासून पूर्ण अंधार पडेपर्यंतच्या पाऊण तासात क्रॅपी वर येतात आणि काठाकडे सरकतात. डासांची तयारी ठेवा.

*शरद.* सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी थंड होऊन वरखाली ढवळतं, त्या आठवड्यात मासे विखुरतात. नंतर झाडी मरते आणि क्रॅपी कडक उतारांपाशी पंधरा ते पंचवीस फुटांवर मोठे थवे करतात. काठावरून अवघड. बोट असलेला मित्र असेल तर हे दिवस त्याच्यासाठी राखून ठेवा.

*बर्फ.* हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर चालत जाऊन, बर्फाला भोक पाडून गळ टाकतात. नवीन, स्वच्छ, कडक बर्फ निदान चार इंच असल्याशिवाय पाऊल टाकू नका. पांढरा, धुरकट बर्फ निम्म्याच ताकदीचा असतो, म्हणून जाडी दुप्पट हवी. आणि एप्रिलमध्ये ज्या कालव्यांचं मी कौतुक केलं, ते हिवाळ्यात सर्वांत धोक्याचे: पाणी वाहतं, बर्फ पातळ राहतो. पहिल्या हिवाळ्यात एकट्याने जाऊ नका, गळ्यात बर्फाचे खिळे (पाण्यात पडलात तर बर्फात रोवून वर येण्यासाठीचे) अडकवा आणि दर थोड्या अंतरावर बर्फ फोडून जाडी मोजा. सुरुवातीच्या बर्फात मासे अजून हिरव्या झाडीत सहा-दहा फुटांवर असतात. जानेवारीत ते वीस-तीस फुटांच्या चिखलाच्या खड्ड्यांवर जातात, कारण त्या चिखलात अळ्या असतात. मुख्य तळ्यातल्या प्रचंड खोल भागापेक्षा खाडीतला मध्यम खड्डा बरा. तळापासून फूटभर वर सुरू करा आणि दर पाच मिनिटांनी दोन फूट वर या. मार्चमध्ये तेच मासे परत उथळ खाड्यांकडे वळतात.

काठावर पोचल्यावर

आधी खोली मोजा. गळाला चिमट्याचं वजन लावा आणि सरकता बॉबर लावून टाका. बॉबर बुडाला तर दोरी कमी पडली, म्हणजे पाणी त्याहून खोल आहे. बॉबर अडवणारी दोरीवरची गाठ फूटभर वर सरकवा, पुन्हा टाका. बॉबर आडवा पडला तर दोरी जास्त झाली आणि वजन तळावर टेकलं आहे. बॉबर जेमतेम टोक दाखवत उभा राहिला की खोली मिळाली. आता वजन काढा, आमिष लावा आणि गाठ खाली सरकवा: सनफिशसाठी तळापासून फूटभर वर, क्रॅपीसाठी मधल्या खोलीपासून वरच्या बाजूला शोधत जा. धक्क्याच्या डाव्या, उजव्या आणि समोरच्या टोकाला असं मोजलंत की उतार कुठे आहे ते दहा मिनिटांत कळतं, आणि त्या उताराच्या वरच्या कडेला गळ ठेवला की निम्मं काम झालं.

एका जागी वीस मिनिटांत काही लागलं नाही तर खोली बदला. तरीही नाही, तर जागा बदला. पॅनफिश थव्याने राहतात, असले की लवकर कळतं. दिवसभर एकाच खुर्चीवर बसणं हा आराम आहे आणि आरामालाही माझी ना नाही, पण मासे शोधायचे असतील तर चालावं लागतं.

धक्क्यावर आधीपासून कुणी असेल तर त्याच्या दोरीपासून लांब बसा, बादलीत काय आहे ते लगेच डोकावून बघू नका, थोड्या वेळाने विचारा. सेंट पॉलच्या फेलन तळ्यावर आग्नेय आशियातून आलेल्या हमोंग समाजातली कुटुंबं सगळ्या पिढ्यांसह येतात. आजोबा, आजी, नातवंडं सगळी. त्यांची आमिष लावायची पद्धत बघत राहिलात तरी खूप शिकाल. कुणी खोली सांगितली तर ती सोन्यासारखी माहिती समजा आणि पुढच्या वेळी त्यांच्याच खुर्चीच्या जागी आधी जाऊन बसू नका.

घरी आल्यावर तारीख, पाण्याचं तापमान, वारा, खोली आणि काय लागलं, एवढं वहीत लिहा. पुढच्या वर्षी याच वहीतून जागा निघतील.

सामान

सहा-सात फुटांची हलकी काठी, छोटं स्पिनिंग रीळ, चार पौंडांचा ताण पेलणारी दोरी, आठ नंबरचे लांब दांड्याचे गळ, एक बत्तिसांश ते एक सोळांश औंसाचे जिग (डोक्याशी वजन असलेले गळ), बोटाच्या पेराएवढे बॉबर. बॉबर मोठा घेऊ नका. ओढताना जड लागला की ब्लूगिल आमिष सोडून देतो. सनफिशसाठी गांडुळाचा नखाएवढा तुकडा किंवा मेणअळी, क्रॅपीसाठी दुकानातले बारीक जिवंत मासे. वजनं शिशाऐवजी कथिलाची किंवा टंगस्टनची घ्या. शिसं गिळून लून पक्षी मरतात. काठी विकत घ्यायच्या आधी चौकशी करा, काही स्टेट पार्कांत मासेमारीचं सामान वापरायला देतात.

निघताना आणि घरी

राज्यभरची सर्वसाधारण मर्यादा बरीच वर्षं सनफिश २० आणि क्रॅपी १० अशी राहिली आहे, पण तळ्यागणिक वेगळे नियम आहेत आणि ते बदलतात. निघण्यापूर्वी लेकफाइंडरवर त्या तळ्याचे विशेष नियम बघा. मासे अख्खेच घरी न्या, म्हणजे वाटेत अधिकाऱ्याने विचारलं तर मोजता येतात.

बोट असेल तर तिचं तळाचं बूच काढून सगळं पाणी तिथेच सांडा, झाडी काढून टाका. झेब्रा शिंपले मिनेटोंकात २०१० मध्ये सापडले, ते एका तळ्यातून दुसऱ्यात बोटींबरोबरच पसरतात. उरलेले आमिषाचे मासे पाण्यात सोडायचे नाहीत, कचऱ्यात टाकायचे. गांडुळंसुद्धा. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र हे ऐकत आपण वाढलो, त्यामुळे ते मातीत सोडण्यात पुण्य वाटतं. पण इथल्या जंगलांत मूळची गांडुळं नाहीत. बाहेरून आलेली गांडुळं जमिनीवरचा पालापाचोळा खाऊन संपवतात आणि त्यात उगवणारी रोपं मरतात.

खाण्यापूर्वी राज्याच्या आरोग्य विभागाचा त्या तळ्यासाठीचा सल्ला वाचा, विशेषतः घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर. पॅनफिशमध्ये पारा मोठ्या शिकारी माशांपेक्षा कमी असतो, पण महानगरातल्या काही तळ्यांत पीएफओएस हे रसायन माशांत सापडलं आहे आणि ते कातडी काढून किंवा शिजवून जात नाही.

लहान सनफिश असतील तर खवले आणि पोट साफ करून, डोकं काढून, दोन्ही बाजूंनी चिरा द्या. आठ-दहा इंचांच्या क्रॅपीचे दोन बाजूंचे, काटे काढलेले तुकडे छान निघतात. मांस गोडसर आणि नाजूक असतं, सुरमईचा मसाला त्याला झेपत नाही. मीठ, हळद, थोडं तिखट, कोकमाचं आगळ एवढं लावून दहा मिनिटं ठेवा, मग रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून मध्यम आचेवर तळा, एकेका बाजूला दोन-तीन मिनिटं पुरतात. आतडी आणि खवले तळ्यावर टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्याची गाडी यायच्या आदल्या रात्रीपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे गॅरेजला वास येत नाही.